नवरंगाची पारख

मे महिना सरत आला की बोरीवलीतील उकाडा असह्य होतो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील साग अजून पानांवाचून उभे असतात, पायवाटांवर वाळलेल्या पाचोळ्याचा थर साचलेला असतो आणि सर्वांचे लक्ष पावसाच्या वार्तेकडे लागलेले असते. मुंबईत मोसमी पाऊस साधारणतः जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दाखल होतो. परंतु त्याच्या काही दिवस आधीच एक लहानसा पाहुणा दक्षिणेकडून येथे येऊन पोहोचलेला असतो. पहाटेच्या अंधूक उजेडात झाडोऱ्यातून दोन सुरांची स्वच्छ शीळ उठते, क्षणभर थांबते आणि पुन्हा उठते. ही शीळ नवरंगाची.

मराठी, हिंदी आणि गुजराती या तिन्ही भाषांत या पक्ष्याचे नाव नवरंग हेच आहे. एकाच इमारतीत या तिन्ही भाषा बोलणारी कुटुंबे नांदतात अशा बोरीवलीत त्याची ओळख करून देताना भाषेची अडचण येऊ नये. अडचण येते ती निराळीच. नवरंग रानात राहतो, अंधाऱ्या झुडपांखाली वावरतो आणि वर्षातील फार थोडे दिवस त्याचा आवाज कानी पडतो. त्यामुळे उद्यानाच्या वेशीवर अनेक वर्षे राहणाऱ्यांनीही तो पाहिलेला नसतो. आणि जेव्हा तो दिसतो, तेव्हा पुष्कळदा घराच्या गॅलरीत किंवा जिन्याच्या कोपऱ्यात, थकलेल्या अथवा जखमी अवस्थेत दिसतो. त्या वेळी घरातील माणसांना तो ओळखता आला की नाही, यावर त्याचे जगणे अवलंबून असते. म्हणून या पक्ष्याचा परिचय हा केवळ छंदाचा विषय राहत नाही.

रंगरूप

नवरंग आकाराने साळुंकीपेक्षा लहान असतो. लांबी सुमारे १९ सेंटिमीटर, वजन साधारण ५० ते ६० ग्रॅम. शरीर गोलसर, पाय लांब व भक्कम, आणि शेपटी इतकी आखूड की प्रथम पाहणाऱ्याला ती तुटली असावी असे वाटते.

पेढीवर कापडाचे ठाण उलगडून एकाच रंगाच्या चार छटा वेगळ्या करून दाखवणाऱ्या व्यापाऱ्याला नवरंगाचे वर्णन लवकर समजेल. पाठ हिरवी. खांद्यावर आणि शेपटीच्या मुळाशी चकाकणारा आकाशी निळा रंग. छाती व पोट बदामी. पोटाच्या खालच्या भागापासून शेपटीच्या तळापर्यंत किरमिजी. गळा पांढरा. डोळ्यावरून मानेपर्यंत गेलेली रुंद काळी पट्टी आणि तिच्यावर बारीक पांढरी भुवई. माथा फिकट तपकिरी, त्याच्या मधोमध आणखी एक काळी रेघ. पाय गुलाबी छटेचे. उडताना काळ्या पंखांवरचा पांढरा डाग लख्ख दिसतो. नर आणि मादी दिसायला सारखेच असतात. पिल्लांचे रंग मात्र मंद असतात.

पक्ष्यांच्या पिसांतील निळ्या रंगाविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तो रंग रंगद्रव्याने आलेला नसतो. पिसाच्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश विखुरला जाऊन आपल्याला निळा रंग दिसतो. म्हणूनच नवरंगाच्या खांद्यावरचा निळा पट्टा सावलीत विझल्यासारखा वाटतो आणि उन्हाची एक तिरीप पडताच उजळून निघतो.

एवढे रंग अंगावर घेऊन हा पक्षी लपतो तरी कसा, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याची हिरवी पाठ वरून पाहणाऱ्याला झाडोऱ्याचाच भाग वाटते, आणि किरमिजी रंग पोटाखाली झाकलेला राहतो. शिवाय तो दाट सावलीत वावरतो. चाहूल लागताच स्तब्ध उभा राहिला, तर दहा पावलांवरूनही नजरेतून सुटतो.

बोरीवलीच्या रानात त्याच्याशी गल्लत होऊ शकेल असे तीन पक्षी आहेत. पहिला नारिंगी डोक्याचा कस्तूर. तोही जमिनीवर उतरून पाने उलटतो. परंतु त्याचे डोके व पोट नारिंगी, पाठ निळसर राखाडी आणि शेपटी व्यवस्थित लांब असते. दुसरा नेहमीचा खंड्या. त्याची पाठ निळी आणि चोच लांब, जाड व लाल असते; तो बहुधा तारेवर किंवा उघड्या फांदीवर बसलेला आढळतो. तिसरा तिबोटी खंड्या. हाही पावसाच्या तोंडावर येणारा, अतिशय रंगीत आणि कधीकधी इमारतींत भरकटणारा पक्षी आहे. पण तो चिमणीएवढाच असतो आणि त्याची लालबुंद चोच शरीराच्या मानाने फारच मोठी दिसते. नवरंगाची चोच मध्यम लांबीची व साधी असते. आखूड शेपटी, डोळ्यावरची काळी पट्टी आणि पोटाखालचा किरमिजी रंग ही तीन लक्षणे एकत्र दिसली की तो नवरंगच, यात शंका उरत नाही.

सहा वाजताची शीळ

नवरंग दिसण्याआधी ऐकू येतो. त्याची शीळ दोन अक्षरी असते: पहिला सूर चढता, दुसरा उतरता. शीळ घालताना तो मान मागे टाकतो आणि चोच आभाळाकडे करतो. पहाटे व संध्याकाळी तो हमखास बोलतो. दिवस ढगाळ असेल तर दुपारीही थांबत नाही. एकाने शीळ घातली की शेजारच्या हद्दीतील दुसरा उत्तर देतो.

या वेळापत्रकामुळेच तमिळ भाषेत त्याला ‘आरुमणि कुरुवी’, म्हणजे सहा वाजताचा पक्षी, असे नाव मिळाले आहे. श्रीलंकेत, जेथे तो हिवाळा घालवतो, तेथील लोककथा अधिक गमतीची आहे. मोराने आपला सुंदर पोशाख चोरून नेला आणि तेव्हापासून हा बिचारा ‘माझा पोशाख, माझा पोशाख’ अशी फिर्याद करीत फिरतो, असे सिंहली लोक सांगतात. सिंहली भाषेतील ‘अविच्चिया’ हे त्याचे नावही त्याच्या शिळेवरूनच आले आहे.

शास्त्रज्ञांना या शिळेत एक वेगळेच वैशिष्ट्य आढळते. कोकिळेची साद असो वा दयाळाचे गाणे, सामान्य माणूस सर्वांनाच गाणारे पक्षी म्हणतो. पक्षिशास्त्रात मात्र खरे गायक पक्षी म्हणजे ज्यांची पिल्ले मोठ्यांचे ऐकून गाणे शिकतात ते. दयाळ आणि कस्तूर या वर्गात मोडतात. नवरंगाचे कुल त्यांच्या जवळचे असले तरी निराळ्या शाखेवरचे आहे. त्याच्या कंठाची रचना साधी असते आणि शीळ उपजत असते. तिला गुरू लागत नाही. त्यामुळे कस्तूर नाना प्रकारच्या ताना घेतो, दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करतो, आणि नवरंग आपले दोनच सूर जन्मभर सांभाळतो. त्या दोन सुरांवर तो आपली हद्द राखतो आणि जोडीदारही मिळवतो.

नावाचा प्रवास

१७६६ साली लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने या पक्ष्याची शास्त्रीय नोंद केली, तेव्हा त्याला कावळ्याच्या कुळात बसवले होते. जिवंत नवरंग त्याने पाहिलेला नव्हता. पुढे वर्गीकरण सुधारले आणि आज त्याचे शास्त्रीय नाव ‘पिट्टा ब्रॅकियुरा’ असे आहे. यातील दुसऱ्या शब्दाचा ग्रीक भाषेतील अर्थ आखूड शेपटीचा असा होतो. पहिला शब्द मात्र आपल्याच देशातला आहे. तेलुगू भाषेत ‘पिट्ट’ म्हणजे पाखरू. आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेल्या या संपूर्ण कुळाला जगभर जे नाव लाभले, ते आंध्रच्या खेड्यापाड्यांत पाखरासाठी सहज वापरला जाणारा हा शब्द आहे.

नवरंगातील नऊ रंग खरोखर मोजून काढता येतात काय? हिरवा, निळा, बदामी, किरमिजी, काळा, पांढरा, माथ्यावरचा तपकिरी, पायांचा गुलाबी आणि चोचीची नारिंगी झाक असे धरले तर हिशेब बरोबर जुळतो. परंतु आपल्याकडे नऊ ही संख्या पुष्कळदा विपुलता सांगण्यासाठी येते. नाव ठेवणाऱ्याने रंग मोजले नसतील. तो पाहून थक्क झाला असेल, इतके समजले तरी पुरे.

पाचोळ्यातला संसार

नवरंगाचे सारे जीवन जमिनीशी बांधलेले आहे. तो टुणटुण उड्या मारीत पाचोळ्यावर फिरतो, चोचीने पाने बाजूला सारतो आणि खालच्या ओलसर मातीतील किडे, अळ्या, गांडुळे व गोगलगायी टिपतो. आखूड शेपटी तो सावकाश खालीवर हलवीत राहतो. घाबरला तर उडून जवळच्या खालच्या फांदीवर बसतो, आणि रात्री झोपायला झाडावर जातो.

धान्य हे त्याचे अन्न नव्हे. ही साधी बाब येथे मुद्दाम सांगावी लागते, कारण पक्षी म्हटला की वाटीभर ज्वारी किंवा बाजरी पुढे करणे हा आपल्या घरांतील पिढ्यान् पिढ्यांचा संस्कार आहे. कबुतर, चिमणी, पोपट यांची ती गरज भागवते. नवरंग मात्र दाण्यांच्या राशीवर बसूनही उपाशी राहील.

त्याच्या विणीचा काळ जून ते ऑगस्ट. हिमालयाच्या पायथ्याची वने, मध्य भारतातील डोंगराळ प्रदेश आणि सह्याद्रीच्या रांगा येथे तो घरटी करतो. वाळकी पाने, काटक्या आणि गवत यांचा एक मोठा गोळा तो रचतो आणि त्याला बाजूने गोल दार ठेवतो. हे घरटे जमिनीवर किंवा झुडपाच्या अगदी खालच्या फांदीवर असते. लांबून ते वाऱ्याने साचलेल्या पाचोळ्यासारखे दिसते आणि हेच त्याचे संरक्षण असते. मादी त्यात चार ते पाच चकचकीत पांढरी अंडी घालते. त्यांवर जांभळट तांबूस ठिपके असतात. अंडी उबवणे आणि पिल्लांना भरवणे ही कामे नर-मादी मिळून करतात. पावसाने माती मऊ झालेली असते, कीटकांची रेलचेल असते, आणि म्हणूनच पिल्ले वाढवायला हाच काळ अनुकूल ठरतो.

येथे जैन वाचकांच्या मनात एक संगती आपोआप जुळेल. आषाढात चातुर्मास सुरू होतो आणि कार्तिक पौर्णिमेपर्यंत साधु-साध्वी एका ठिकाणी स्थिर राहतात. पावसाळ्यात भूमी जीवांनी भरून जाते, चालताना पायाखाली अगणित जीव येतात, म्हणून विहार थांबवायचा, हा त्यामागचा विचार. नवरंगाचे घरटे याच काळात, याच भूमीवर, पाचोळ्याच्या रूपात पडलेले असते. निसर्गाची वही आणि संयमाची वही येथे एकाच तिथीला उघडतात असे म्हणता येईल.

राष्ट्रीय उद्यानात पावसाळी सहलींना जाणाऱ्या कुटुंबांसाठी यातून एक व्यावहारिक बोध निघतो. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या वनात तुळशी व विहार ही दोन जलाशये आहेत, कान्हेरीची लेणी आहेत, आणि उद्यानाच्या परिसरातील तीन मूर्तींच्या पोदनपूर मंदिरात दर्शनाला जाणारी असंख्य कुटुंबे या हिरवाईच्या सावलीतूनच जातात. तेथे आखलेली वाट सोडून झुडपांत शिरण्याचा मोह मुलांना होतो. खाली पाहून, जपून पाऊल टाकण्याच्या ज्या नियमाला ईर्यासमिती म्हणतात, तो साधूंसाठी सांगितलेला असला तरी पावसाळी रानात गृहस्थालाही तितकाच लागू पडतो. वाट सोडून टाकलेले एक पाऊल पाच अंड्यांचा संसार मोडू शकते. त्याचप्रमाणे मोबाइलवर नवरंगाची ध्वनिमुद्रित शीळ वाजवून त्याला बाहेर काढणेही वर्ज्य मानावे. आपल्या हद्दीत परका नर घुसला असे समजून तो घरटे सोडून धावतो आणि त्याची शक्ती विनाकारण खर्ची पडते.

रात्रीचा प्रवास आणि शहराचे दिवे

पावसाळा ओसरला की नवरंग दक्षिणेची वाट धरतात. हिवाळा ते दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढतात आणि उन्हाळ्याच्या उत्तरार्धात पुन्हा उत्तरेकडे निघतात. एवढासा, गोलसर देहाचा, एरवी फारसा न उडणारा हा पक्षी वर्षातून दोनदा शेकडो किलोमीटर अंतर कापतो, आणि तेही रात्री. रात्री हवा थंड असते आणि शिकारी पक्षी झोपलेले असतात, हा त्यातला लाभ.

परंतु मुंबईसारख्या शहरावरून जाताना हाच रात्रीचा प्रवास धोक्याचा ठरतो. उंच इमारतींचे प्रखर दिवे प्रवासी पक्ष्यांना चकवतात. काचेच्या भिंतीत आभाळाचे किंवा झाडाचे प्रतिबिंब दिसते आणि पक्षी सरळ तिच्यावर आदळतो. काही पक्षी आदळत नाहीत, पण थकून मिळेल तेथे उतरतात: सोसायटीच्या बागेत, वाहनतळावर, दुकानाच्या पायरीवर. उजाडले की कावळे अशा अनोळखी, दमलेल्या पाखराला टोचू लागतात. मांजरेही टपलेली असतात. बोरीवली, मुलुंड, भांडुप, मालाड ही उपनगरे उद्यानाला लागूनच वसलेली असल्याने येथे असे पाहुणे उतरणे अगदी संभवनीय आहे.

सूर्यास्तानंतर दिव्याभोवती जमणारे कीटक होरपळू नयेत, हा रात्रीभोजनत्यागाच्या परंपरेतील एक परिचित विचार आहे. आजच्या शहरात तो विचार थोडा पुढे नेता येतो. मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या प्रवासाच्या महिन्यांत गच्चीवरचे व दर्शनी भागावरचे शोभेचे दिवे रात्री मालवले, काचेच्या मोठ्या खिडक्यांना पडदे ओढले, तर विजेची बचत होतेच आणि वरून जाणाऱ्या जीवांचा मार्गही मोकळा राहतो. सोसायटीच्या सभेत हा ठराव मांडायला कोणताही खर्च येत नाही.

गॅलरीत नवरंग आला तर

समजा, एखाद्या सकाळी गॅलरीत असा पक्षी पिसे फुगवून बसलेला आढळला. घरातील सर्वांच्या मनात कणव दाटून येते. कोणी चमच्याने पाणी पाजू पाहते, कोणी दाणे आणते, कोणी त्याला हातात घेऊन कुरवाळते, मुले छायाचित्रे काढतात. हे सारे प्रेमापोटी घडते, आणि यातील प्रत्येक गोष्ट त्याला अपाय करते. पक्ष्याची श्वासनलिका जिभेच्या मुळाशीच उघडते. चोचीत ओतलेले पाणी फुप्फुसात जाऊन तो गुदमरू शकतो. दाणे त्याचे अन्नच नव्हे. आणि रानातल्या पक्ष्याला माणसाचा स्पर्श म्हणजे शिकाऱ्याची पकड वाटते. त्या भीतीनेच त्याचे हृदय थांबू शकते.

योग्य उपचार याहून सोपा आहे. प्रथम सर्वांनी दूर व्हावे आणि आवाज बंद करावेत. एक हलका सुती पंचा किंवा ओढणी त्याच्यावर अलगद टाकावी आणि दोन्ही हातांनी, न दाबता, त्याला उचलावे. दुकानात सहज मिळणारे बुटांचे किंवा कपड्यांचे पुठ्ठ्याचे खोके घ्यावे, त्याला हवेसाठी आधीच चार-सहा भोके पाडलेली असावीत आणि तळाशी जुने मऊ कापड अंथरावे. पक्षी आत ठेवून झाकण लावावे. खोके शांत, अंधाऱ्या, उबदार जागी ठेवावे. पंखा किंवा वातानुकूलन यंत्राचा झोत त्यावर येऊ देऊ नये. अंधारात त्याची भीती ओसरते आणि आदळल्याने आलेली गुंगी उतरू लागते. दर पाच मिनिटांनी झाकण उघडून पाहू नये.

साधारण तास-दोन तासांत आतून हालचालीचा, खडखडाटाचा आवाज येऊ लागला तर तो सावरला आहे असे समजावे. मग खोके जवळच्या झाडीत, सावलीत न्यावे, कावळे-मांजरे नाहीत हे पाहावे, झाकण उघडून जमिनीवर ठेवावे आणि मागे सरावे. तो स्वतःच बाहेर पडेल. त्याला हवेत भिरकावू नये. संध्याकाळ उलटून गेली असेल तर रात्रभर खोक्यात विश्रांती द्यावी आणि पहाटे सोडावे.

पंख लोंबत असेल, रक्त दिसत असेल, मान एका बाजूला कलंडत असेल किंवा काही तासांनीही तो उभा राहत नसेल, तर घरगुती उपाय करीत बसू नये. महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या निःशुल्क क्रमांकावर कळवावे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये रानातील पक्षी घरात पाळता येत नाही, हेही लक्षात असावे. बरा होईपर्यंत ठेवून घेऊ, असा विचार मनात आणू नये.

येथे अनेक जैन कुटुंबांना पडणारा एक नाजूक प्रश्न आहे. हा पक्षी किडे खातो; मग त्याला वाचवण्यासाठी त्याच्यापुढे अळ्या ठेवायच्या काय? प्राथमिक मदतीच्या त्या काही तासांत त्याला काहीच भरवायचे नसते, त्यामुळे घरात हा पेच उभाच राहत नाही. दिल्लीत लाल किल्ल्यासमोरील दिगंबर जैन लाल मंदिराच्या आवारात जखमी पक्ष्यांचे मोफत रुग्णालय दीर्घकाळ चालले आहे. एखाद्या समाजाने पाखरांसाठी रुग्णालय चालवावे, ही भूतदयेची असामान्य परंपरा आहे. त्या परंपरेत वाढलेल्या घराला खोके, कापड आणि शांतता एवढे पुरवणे अवघड नाही.

आधी पारख

दशवैकालिक सूत्रात दयेच्या आधी ज्ञानाला स्थान दिलेले आहे, हे स्वाध्याय करणाऱ्या वाचकांना ठाऊक आहेच. ज्याला जीव कोण आणि अजीव कोण हे कळत नाही, तो संयम कसा पाळणार, असा त्यामागचा आशय आहे. नवरंगाच्या निमित्ताने हा क्रम किती व्यवहार्य आहे ते दिसून येते. करुणा भरपूर आहे, पण समोरचा जीव काय खातो, कशाला भितो, कुठे राहतो हे माहीत नाही, तर तीच करुणा पाण्याच्या चमच्याने त्याचा जीव घेते.

पिंजऱ्यातील पक्षी विकत घेऊन त्यांना पुण्यदिनी मुक्त करण्याच्या प्रथेकडेही याच दृष्टीने पाहावे लागेल. मागणी वाढली की पुरवठा वाढतो, हे व्यापारी कुटुंबाला दुसऱ्याने सांगण्याची गरज नाही. दहा मुनिया विकत घेऊन सोडल्या, तर पारधी उद्या आणखी मुनिया पकडतो, आणि त्या पकडण्यात व कोंडण्यात कितीतरी मरतात. भारतातील रानपक्ष्यांचा हा व्यापार कायद्यानेही बंद आहे. तोच पैसा आणि तीच भावना जखमी पक्ष्यांच्या उपचारासाठी वळवली, तर पुण्याचा हिशेब अधिक चोख होईल.

पारखेने माणूस कसा बदलतो, याचे उदाहरण मुंबईतच घडले. विसाव्या शतकाच्या आरंभी एका मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग पाहून तो चक्रावला आणि ती कोणती, हे विचारायला १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तेथे मिलार्ड या सचिवांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचे सांगितले आणि संस्थेतील पक्ष्यांचा संग्रह त्याला उघडून दाखवला. तो मुलगा म्हणजे पुढे जगन्मान्य झालेले पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली. १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या भारतीय पक्ष्यांवरील ग्रंथाने सामान्य माणसाला पक्ष्यांची नावे दिली. मारलेल्या एका पाखराचे नाव विचारण्यापासून सुरू झालेली ती वाट पुढे अनेक अरण्यांच्या संरक्षणापर्यंत गेली.

नवरंगासाठी करण्याजोगे आणखी एक काम घराच्या अंगणातच आहे. सोसायटीच्या बागेतील वाळलेली पाने रोज झाडून जाळली जातात. पाला जाळण्याला नियमांनी मनाई आहेच; शिवाय त्या ढिगात असंख्य सूक्ष्म जीव होरपळतात, हे वेगळे सांगायला नको. बागेचा एक कोपरा तसाच राहू द्यावा. तेथे पाने साचू द्यावीत, कीटकनाशक फवारू नये. काही महिन्यांत खालची माती काळी व भुसभुशीत होते, झाडांना खत मिळते, आणि प्रवासात दमलेल्या नवरंगाला किंवा कस्तुराला दोन घटका उतरण्याजोगी जागा तयार होते.

येत्या उन्हाळ्याच्या अखेरीस, पहिल्या सरीच्या सुमारास, घरातील वडीलधाऱ्यांनी मुलांना पहाटे उठवून खिडकीशी बसवावे. उद्यानाच्या बाजूने दोन सुरांची शीळ आली तर तिचे नाव त्यांना सांगावे. ज्याचे नाव ठाऊक झाले, त्याच्या घरट्यावर पाय देताना मूल थबकेल. आणि कधी तो पाहुणा गॅलरीत येऊन पडलाच, तर दाण्यांची वाटी न आणता ते आधी खोके शोधायला धावेल.